शांत व्हायचं ते कुणासाठी?



एका शब्दाशी आपलं जुनं वैर आहे. तो शब्द म्हणजे शांत. शांत हो, शांत रहा, शांततेनं घ्या. वस्तीवर दगडफेक झाली की दुसऱ्या दिवशी पोलीस ठाण्यात शांतता समितीची बैठक भरते. ज्यांची घरं फुटली ते आणि ज्यांनी फोडली ते एकाच सतरंजीवर बसतात, चहा येतो, फोटो निघतो. मग शांततेचा भंग होण्याची शक्यता म्हणून नोटिसा निघतात, त्याही दोघांना सारख्याच. आधी क्रिमिनल प्रोसीजरचं कलम १०७ होतं. १ जुलै २०२४ पासून नवा कायदा लागू झाला आणि कलमाचा आकडा १२६ झाला. आकडा बदलला, नोटीस तीच. मारणारा आणि मार खाणारा सरकारच्या वहीत एकाच ओळीत.

म्हणून आपल्या पोरांना कुणी शांत हो म्हटलं की टाळकं सरकतं. सरकायलाच पाहिजे. हजारो वर्षं ज्यांना गप्प बसवलं त्यांच्या पोरांना शांततेचे पाठ कसले देता?

पण आज मी या शब्दाची थोडी बाजू घेणार आहे. शिव्या द्यायच्या तर लेख वाचून झाल्यावर द्या.

प्रश्न असा आहे. डोळ्यादेखत काहीतरी भयंकर घडतं. आपला माणूस भर रस्त्यात मारला जातो. गटारात उतरलेला वर येत नाही. मशीनमध्ये कुणाचा हात जातो. जखमी झालेल्यासाठी दवाखाना आहे, मेलेल्यासाठी पंचनामा आहे. ज्यानं पाहिलं त्याच्यासाठी काय आहे? काही नाही. तो घरी येतो. घास उतरत नाही. डोळा मिटला की तेच दिसतं, भांडं पडलं तरी दचकतो, बायकापोरांवर खेकसतो. आणि चार दिवसांनी त्याला भूक लागते, झोप लागते, कुणाच्या तरी फालतू विनोदावर हसू येतं. तेव्हा तर तो जास्तच हादरतो. आपल्या एका कार्यकर्त्याच्या तोंडून मी ऐकलंय, 'भावा, मी त्या दिवशी रात्री जेवलो रे. पोटभर जेवलो.' असं सांगत होता की जणू आरोपीकडून पैसे खाल्ले.

तेव्हा विचारायचं ते हे, की अन्याय पाहिल्यावर शांत होणं ही फितुरी आहे का? राग थंड झाला म्हणजे आपण विकले गेलो का?

*

मी सूतगिरणीत काम करतो, म्हणून मशीनवरून सांगतो. कार्डिंगच्या मशीनला आत एक मोठा सिलिंडर असतो. त्याच्यावर बारीक दातांची तार गुंडाळलेली असते, तिच्यानं कापूस पिंजला जातो. या सिलिंडरची एक खोड आहे. स्विच बंद केला, वीज तोडली, तरी तो लगेच थांबत नाही. वजनच एवढं असतं की आपल्याच जोरावर काही मिनिटं फिरत राहतो. बाहेरून आवाज कमी झालेला असतो, आत दात फिरतच असतात. म्हणून नव्या मशीनला कुलपाची सोय असते, सिलिंडर पूर्ण थांबल्याशिवाय झाकण उघडत नाही. जुन्या मशीनला ती नसते, किंवा असली तरी कुणीतरी कधीच मोडून ठेवलेली असते, कारण थांबायला वेळ लागतो आणि वेळ म्हणजे प्रॉडक्शन. यंत्राच्या फिरत्या भागांना झाकण पाहिजे हे १९४८ च्या कारखाने कायद्यानं लिहून ठेवलं होतं. लिहिलेलं कागदावर राहतं, दात मशीनमध्ये.

रातपाळीला एका बदली पोराची दोन बोटं अशीच गेली. कापूस अडकला होता, वरून घाई होती, त्यानं झाकण उघडलं. पोरगं ओरडलंसुद्धा नाही, नुसतं हाताकडं बघत राहिलं. आम्ही सगळे धावलो. त्याला गाडीत घालून नेलं आणि पाच मिनिटांत सुपरवायझर आला. म्हणाला, 'शांत व्हा रे. गर्दी करू नका. आपापल्या साइडला जा, मशीन चालू करा.' अर्ध्या तासात तेच मशीन पुन्हा फिरायला लागलं. पुसून.

माझे हात असे कापत होते की तुटलेला धागा सांधता येईना. खात्यातल्या एका जुन्या काकांनी मला बाजूला घेतलं. तेही शांत होच म्हणाले, पण त्यांची रीत वेगळी होती. आधी पाण्याची बाटली हातात दिली. मला खाली बसवलं, पाठीवर हात ठेवला आणि बराच वेळ काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, 'आता सांग. तू कुठं उभा होतास? घड्याळात किती वाजले होते? कुलूप होतं की नव्हतं? उघड म्हणून कोण बोललं?' मी सांगत गेलो तसतसा थरकाप उतरत गेला. त्यांनी बिडीच्या पाकिटावर सगळं लिहून घेतलं. सकाळी पाळी सुटल्यावर आणखी तिघांना विचारलं, कोऱ्या कागदावर उतरवलं, आमच्या सह्या घेतल्या. दोन दिवसांनी गिरणीच्या रिपोर्टात आलं, कामगाराच्या हलगर्जीपणामुळे अपघात. आमचा कागद नसता तर तेच खरं ठरलं असतं. पोराची बोटं परत आली नाहीत. पण चूक त्याची होती हे त्याच्या कपाळावर कोरता आलं नाही.

आता बघा. एकाच रात्री, एकाच खात्यात, दोन माणसांनी मला शांत हो म्हटलं. एकाला मी शांत व्हायला हवा होतो ते मशीन चालू करायला. दुसऱ्याला हवा होतो ते मशीननं काय केलं हे सांगायला. शब्द तोच आहे. पण एक शांतता मालकाच्या हिशेबात जमा होते आणि दुसरी त्या पोराच्या.

माझं म्हणणं एवढंच आहे, बाकी सगळा त्याचा विस्तार. कुणी शांत हो म्हटलं की आधी विचारावं, कुणासाठी?

*

आपले काही मित्र म्हणतील, अरे पण राग हेच आपलं भांडवल. तेवढंच तर आपल्याकडं आहे. ते विझलं की राहिलं काय?

राग आणि थरकाप यांत फरक करा, दोस्तांनो. भयंकर काही पाहिल्यावर छाती धडधडते, तोंड कोरडं पडतं, हातपाय गार होतात, कानात गुंजतं. हे शरीराचं काम आहे. पळ नाहीतर लढ, एवढंच शरीराला कळतं. ज्याला पळताही येत नाही आणि लढताही येत नाही, त्याच्या अंगात ती आग कोंडते. तिला आपण राग समजतो. पण तिला दिशा नसते. ती समोर येईल त्याला चावते. आणि बहुतेक वेळा समोर आपलीच माणसं असतात, आई, बायको, शेजारी, संघटनेतला सोबती. किती संघटना फुटल्या त्याचा हिशेब करा. सगळ्याच तत्त्वावरून फुटल्या काय?

राग वेगळा. रागाला कारण असतं, नाव असतं, तारीख असते. महिन्यानंतर, वर्षानंतर, कोर्टाच्या सतराव्या तारखेलाही तो तसाच असतो. थरकाप उतरला म्हणून राग जात नाही. उलट थरकाप उतरल्याशिवाय राग कामाला लागत नाही. सिलिंडर फिरत असताना हात घातला तर बोटं आपली जातात, मशीनला काही होत नाही.

*

आता धम्माकडं येऊ. कारण आपल्याला शांत बसवायला हल्ली बुद्धाचाही फोटो वापरतात. डोळे मिटलेला, गोड हसणारा, दिवाणखान्यातला बुद्ध. बुद्ध म्हणजे शांती, मग तुम्ही बौद्ध लोक मोर्चे का काढता?

बाबासाहेबांनी याचं उत्तर 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथात देऊन ठेवलंय. १९५७ मध्ये, त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर तो प्रसिद्ध झाला. जुनी कथा सांगते की सिद्धार्थानं म्हातारा पाहिला, रोगी पाहिला, प्रेत पाहिलं, हादरला आणि शांती शोधायला घर सोडून गेला. बाबासाहेब विचारतात, एकोणतीस वर्षांच्या माणसानं तोपर्यंत हे पाहिलंच नव्हतं हे कसं पटावं? ते ही कथा नाकारतात आणि दुसरं कारण पुढं ठेवतात. शाक्य आणि कोलीय यांच्यात रोहिणी नदीच्या पाण्यावरून भांडण झालं, माणसं जखमी झाली. शाक्यांच्या संघात सेनापतीनं युद्धाचा ठराव आणला. सिद्धार्थ उभा राहिला आणि म्हणाला, आधी चौकशी करू, हात पहिल्यांदा कुणी उचलला ते पाहू, दोन्हीकडची माणसं नेमून निवाडा करू. त्याचा ठराव पडला. बहुमत युद्धाच्या बाजूला गेलं. तेव्हा त्यानं घर सोडलं.

या दोन कथांमधला फरक आपल्या कामाचा आहे. पहिल्या कथेतला सिद्धार्थ भयंकर दृश्य पाहून स्वतःच्या मनाची शांती शोधायला जातो. दुसऱ्या कथेतला रक्त सांडल्यावर सभेत उभा राहतो आणि चौकशी मागतो. सगळी सभा तापलेली असताना काय झालं ते आधी नीट पाहू म्हणणं म्हणजे शांत असणं. ती शांतता त्याला महागात पडली. देश सोडावा लागला. फुकटची शांतता ती नव्हे.

दुसरी गोष्ट पटाचारेची. नवरा गेला, दोन्ही लेकरं गेली, आईबाप घराखाली गाडले गेले, आणि सगळं दोनेक दिवसांत. ती वेडी झाली. अंगावरच्या कपड्यांचं भान राहिलं नाही. लोक तिला हाकलत होते, तिच्यावर माती फेकत होते. ती बुद्धांसमोर आली तेव्हा बुद्धांनी तिला रडू नको म्हटलं नाही, नशिबाचं गणित सांगितलं नाही. भानावर ये, एवढंच सांगितलं. आणि सभेतल्या कुणीतरी आपलं वस्त्र तिच्या अंगावर टाकलं. पुढं हीच पटाचारा भिक्षुणींमध्ये विनयाची सगळ्यांत मोठी जाणकार झाली. म्हणजे नियम, शिस्त, संघ कसा चालवायचा याची. जिचं सगळं विस्कटलं तीच नीट मांडणी करणारी झाली.

यात क्रम बघा. आधी अंगावर कापड, मग भान. उपदेश त्याच्या कितीतरी नंतर. आपल्या वस्तीतल्या म्हाताऱ्या आयाबाया हेच करतात. कुणी हंबरडा फोडत आलं की आधी पाणी, मग पदरानं तोंड पुसणं, मग 'रडू द्या तिला, कुणी अडवू नका.' त्यांना कुणी शिकवलं नाही. एवढे मुडदे पाहिलेत त्यांनी की शिकवायची गरज पडली नाही.

आणि एक शब्द सांगतो. उपेक्खा. बाबासाहेबांनी पारमितांमध्ये त्याचा अर्थ देताना बजावलंय की ही बेपर्वाई नव्हे. फळाच्या लोभानं किंवा भीतीनं डळमळायचं नाही, पण काम सोडायचं नाही, ती उपेक्खा. या पाली शब्दाचा संस्कृत भाऊ म्हणजे उपेक्षा. उप म्हणजे जवळ, ईक्ष म्हणजे पाहणं. जवळून पाहणं! आणि आपल्या मराठीत उपेक्षा म्हणजे काय? ढुंकून न पाहणं. जवळून पाहणं ते ढुंकून न पाहणं असा या शब्दाचा प्रवास झाला आणि त्या प्रवासाच्या शेवटी आपण उभे आहोत, उपेक्षित म्हणून. आपल्याला हवी ती पहिल्या अर्थाची उपेक्खा. डोळे न मिटता, न थरथरता, जवळून पाहणं.

*

पुस्तकात ठीक आहे, प्रत्यक्षात होतं का असं? होतं. महाडला झालं.

१९२७ च्या मार्चची १९ आणि २० तारीख. २० तारखेला आपली माणसं चवदार तळ्यावर गेली, पाणी प्यायली. नंतर गावात अफवा उठवली की हे आता वीरेश्वराच्या देवळात घुसणार. मग काठ्या निघाल्या. मंडपात जेवत असलेल्यांना मारलं, घरी निघालेल्यांना रस्त्यात गाठून मारलं, बायापोरांना सोडलं नाही. बाबासाहेब बंगल्यात होते. भोवती आपले तरुण जमले, डोळ्यांत रक्त उतरलेले. त्यांत लष्करात नोकरी केलेली माणसंही होती. एका शब्दाची वाट बघत होते. तो शब्द निघाला असता तर त्या रात्री महाडचं काय झालं असतं ते सांगायला नको.

बाबासाहेबांनी आवरा म्हणून सांगितलं. मग काय केलं? जखमींना दवाखान्यात पोचवलं, पोलिसांत फिर्याद नोंदवली, साक्षी उभ्या केल्या. त्याच वर्षी जूनमध्ये हल्लेखोरांपैकी काहींना चार चार महिन्यांची सक्तमजुरी झाली. आणि २५ डिसेंबरला त्याच महाडात मनुस्मृती जाळली. तळ्याचा दिवाणी दावा तर हायकोर्टात १७ मार्च १९३७ ला आपल्या बाजूनं लागला. त्या रात्रीपासून मोजा, तीन दिवस कमी दहा वर्षं. दहा वर्षं टिकलेला राग! जो त्या रात्री भडकून संपू दिला नाही, म्हणून टिकला.

आता कुणी म्हणेल, बाबासाहेब मोठे, त्यांना जमलं, ते दगडाचे होते. मुळीच नव्हते. १९१७ मध्ये बडोद्याला पारशी धर्मशाळेत ते नाव लपवून राहिले होते. अकराव्या दिवशी डझनभर पारशी काठ्या घेऊन दारात उभे राहिले आणि त्यांना हाकलून दिलं. परदेशात शिकून आलेला माणूस बडोद्याच्या बागेत आसरा नसल्यानं रडत बसला. पुढं त्यांनीच हे लिहून ठेवलं, आणि अठरा वर्षं झाली तरी ते आठवताना डोळ्यांत पाणी येतं असंही लिहिलं. पण त्याच लिखाणात बघा, राहण्या-जेवणाचा दिवसाला दीड रुपया, दारात आलेली माणसं बारा, मुक्कामाचा दिवस अकरावा. आकडे पक्के आहेत. डोळ्यांत पाणी आणि आकडे पक्के, दोन्ही एकाच माणसात. शांत होणं म्हणजे डोळे कोरडे करणं, असं आपल्याला कुणी सांगितलं?

*

मी साक्षीवर एवढा जोर का देतोय त्याचं कारण सांगतो. जामखेड तालुक्यातलं खर्डा. २८ एप्रिल २०१४. बारावीतल्या आपल्या एका पोराला मारून झाडाला टांगलं. उजेडी मारहाण झाली, लोकांनी पाहिली. नोव्हेंबर २०१७ मध्ये खटल्यातले आरोपी निर्दोष सुटले, कारण साक्षीदारांपैकी बरेचजण कोर्टात उलटले. कुणी धाकानं, कुणी लोभानं. कारणं त्यांची त्यांना माहीत. पण मी विचार करतो, पाहिल्या दिवसापासून ते पिंजऱ्यात उभं राहीपर्यंत साडेतीन वर्षं या माणसांजवळ कोण बसलं? त्यांना पाणी कुणी दिलं? धमकी द्यायला येणारे रोज येत होते. आपण निषेधाची सभा घेऊन परत आलो.

अत्याचारविरोधी कायदा १९८९ चा. २६ जानेवारी २०१६ पासून त्यात साक्षीदारांच्या हक्कांचं प्रकरण घातलंय, कलम १५ अ. संरक्षण, प्रवासखर्च, खटल्याची माहिती, सगळं लिहिलंय. किती कार्यकर्त्यांनी ते वाचलंय? घोषणा पाठ आहेत, कलम पाठ नाही.

उलट रमाबाई नगर घ्या. ११ जुलै १९९७, पुतळ्याची विटंबना, लोक रस्त्यावर, पोलिसांचा गोळीबार, दहा मेले. पोलिसांनी टँकर पेटवण्याची गोष्ट पुढं केली. पण वस्तीतल्या लोकांनी जे पाहिलं ते चौकशी आयोगापुढं सांगितलं, कोर्टात सांगितलं. २००९ मध्ये सत्र न्यायालयानं गोळीबाराचा हुकूम देणाऱ्या अधिकाऱ्याला दोषी ठरवलं. बारा वर्षांनी. पुढं अपील झालं, जामीन झाला, ते सगळं झालंच. पण दोषी हा शब्द कागदावर आला तो कुणामुळं? ज्यांचं दार त्या रस्त्यावर होतं आणि ज्यांनी जे पाहिलं ते विसरायला नकार दिला त्यांच्यामुळं.

आणि त्याच गोळीबाराची दुसरी बाजूही आपली आहे. शाहीर विलास घोगरे तिथं जाऊन पाहून आले. चार दिवसांनी, १५ जुलैला, त्यांनी आपलं आयुष्य संपवलं. हजारो लोकांना उभं करणारा गळा. त्यांना भेकड म्हणणाऱ्याची जीभ झडो. पण त्यांच्या जाण्याची आरती करणंही मला पटत नाही. माणूस एवढं पाहून येतो आणि आपण त्याला एकट्याला घरी जाऊ देतो, हा प्रश्न आहे. आपण शाहिराकडून गाणं मागितलं, कार्यकर्त्याकडून भाषण मागितलं. तू काय पाहिलंस आणि तुला झोप लागते का, हे किती जणांनी विचारलं असेल?

*

आता हातात फोन आहे. पाहायला त्या जागी असावं लागत नाही. ११ जुलै २०१६ ला गुजरातेत उना तालुक्यात मेलेली गाय सोलणाऱ्या आपल्या माणसांना गाडीला बांधून मारलं. मारणाऱ्यांनीच चित्रण करून पसरवलं. का? म्हणजे आपण पाहावं आणि थरथरावं. एका गावात मारलं, लाखो घरांत मार पोचवला. निषेध म्हणून त्या आठवड्यात गुजरातेत आपल्या कितीतरी तरुणांनी विष घेतलं. आणि त्याच आठवड्यात दुसऱ्यांनी मेलेली जनावरं गाड्यांत भरून सुरेंद्रनगरच्या कलेक्टर कचेरीपुढं आणून टाकली. आम्ही उचलणार नाही, तुम्ही उचला. ऑगस्टमध्ये अहमदाबादहून उन्याला पायी मोर्चा गेला. पाहिलं दोघांनीही तेच. एकानं ते आपल्याच पोटात ओतलं, दुसऱ्यानं ज्याचं त्याच्या दारात नेऊन ठेवलं.

तेव्हा असं चित्रण आलं की एकदा बघा, कामासाठी बघा. तारीख, जागा, चेहरे टिपा, मूळ फाईल जपून ठेवा, वकिलापर्यंत पोचवा. मग बंद करा. रात्री अंथरुणात दहादा बघून, पन्नास जणांना पाठवून आपण मारणाऱ्याचंच काम पुढं नेतो.

*

एक हरकत राहते आणि ती मोठी आहे. ज्यानं सोसलं, ज्यानं पाहिलं, त्यानंच शांत व्हायचं, वेळ टिपायची, कलम वाचायचं, सह्या घ्यायच्या. बाकीच्यांना नुसतं हळहळायची सवलत. पांढरपेशा माणूस अपघात पाहून आठ दिवस रजा टाकतो, आपल्याला दुसऱ्या दिवशी पाळीवर जावं लागतं. हा कुठला न्याय?

न्याय नाहीच. मी त्याला न्याय म्हणतच नाही. हे आपल्यावर लादलेलं जास्तीचं काम आहे, बिनपगारी ओव्हरटाईम. पण आपण ते टाकलं तर करणारं दुसरं कुणी नाही. आपल्या मेलेल्याचा पंचनामा दुसऱ्यानं लिहिला की काय लिहितो ते आपण पाहतोच. हलगर्जीपणा. आपसातील वैमनस्य. अनैतिक संबंध. म्हणून हे काम एकट्यावर टाकायचं नाही, वाटून घ्यायचं. त्यासाठी माझं मागणं साधं आहे.

कुठं काही घडलं की दोन माणसं जागेवर जातातच. तिसरा माणूस पाहणाऱ्यांसाठी ठेवा. तो पाणी देईल, चादर देईल, जवळ बसेल. भाषण करणार नाही. श्वास हळूहळू, लांब सोडायला सांगेल, कारण धडधड त्यानं उतरते. कुणाला रडायचं असेल तर रडू देईल. कुणाला बोलायचं नसेल तर खोदून विचारणार नाही. बोलायला लागला की लिहून घेईल, त्याच्याच शब्दांत, वेळेसकट. रात्री त्याला एकटा सोडणार नाही. आठ दिवसांनी पुन्हा जाईल, महिन्यानं जाईल, कोर्टाच्या तारखेला बरोबर जाईल. महिना झाला तरी झोप येत नसेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर दवाखान्यात नेईल आणि त्यात लाज कसली ते त्याच्या घरच्यांना समजावेल. आणि पाहणारा जेव्हा पहिल्यांदा पोटभर जेवेल, हसेल, तेव्हा त्याला सांगेल, जेव भावा. तू जेवलास म्हणून मेलेला उपाशी राहत नाही. तू उभा राहिलास तर त्याची बाजू उभी राहते.

शांत व्हा म्हणणारे पुष्कळ भेटतील. जो आपल्याला गप्प करायला म्हणतो त्याला विचारा, मशीन कुणाचं चालू करायचंय? आणि जो पाणी घेऊन येतो, खाली बसवतो, आणि थांबून विचारतो की काय पाहिलंस, त्याचं ऐका. सिलिंडर थांबू द्या. मग झाकण उघडा. पण उघडा.

जय भीम.